नगरचा गून आणि विलायतेची नभोवाणी

आमचे केडगाव म्हटले, की पुण्या-मुंबईची मंडळी हटकून विचारतात, "म्हणजे पंडिता रमाबाईंचे ना?" ते केडगाव दौंड तालुक्यातले, रेल्वेवरचे. आमचे हे नगरचे केडगाव, पुण्याच्या रस्त्यावरचे, रेणुकादेवीचे. आता महानगरपालिकेत गेलेले आणि अहिल्यानगर या नव्या नावाच्या शहरात सामावलेले. अशी गल्लत करणाऱ्यांवर मी रागावत नाही. ज्या शहराच्या वेशीवर आम्ही राहतो, त्या शहरात कोण कोण जन्मले हे आम्हां नगरकरांना तरी कुठे ठाऊक असते? चांदबिबी आम्हांला ठाऊक आहे. १९४२ पासून नेहरू इथल्या किल्ल्यात स्थानबद्ध होते आणि त्या मुक्कामात त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हे शाळेतले पोरही सांगेल. पण १६ एप्रिल १९१८ रोजी याच नगरात एका गोऱ्या शिपायाच्या घरी मुलगा जन्मला आणि पुढे त्याने उभ्या विलायतेला रेडिओपुढे बसवून पोट धरधरून हसवले, ही गोष्ट नगरात दहा जणांना विचारली तर नऊ जण मान हलवतील.

मुलाचे नाव टेरेन्स अॅलन मिलिगन. पुढे जगाने त्याला 'स्पाइक' म्हटले. बाप लिओ मिलिगन आयरिश, तोफखान्यातला. आई फ्लॉरेन्स इंग्लिश. बापाला नाटकाचा, गाण्याचा भारी नाद. पलटणीच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत तो हौसेने उभा राहायचा. मुलाचे बालपण पुण्यात गेले, तिथल्या कॉन्व्हेंटमध्ये त्याने पाटी धरली, मग बदली झाली ती रंगूनला. तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंब इंग्लंडला परतले. 'परतले' म्हणायचे ते आईबापांपुरते. पोराने इंग्लंड मुळी पाहिलेच नव्हते. हिंदुस्थानात ज्याच्या घरी आया आणि नोकर, ज्याला रस्त्यात सलाम मिळतो, तो पलटणीतला गोरा लंडनच्या आग्नेय भागातील एखाद्या कोंदट आळीत जाऊन पडला की कोणीच राहत नाही. ऊन नाही, अंगण नाही, सलाम नाही. हा फरक त्या मुलाच्या मनात कायमचा घर करून राहिला. त्याच्या पुढच्या साऱ्या विनोदाला या धक्क्याची फोडणी आहे, असे मला वाटते.

आता तो विनोद ज्या पेटीतून बाहेर पडला तिच्याकडे वळू. त्यासाठी विलायतेच्या नभोवाणीचा एक दिवस डोळ्यांपुढे आणू या. १२ ऑक्टोबर १९५४, मंगळवार हा दिवस घेऊ. आपल्याकडे कोजागरीच्या आगेमागेचा. पुण्याचे नभोवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालेले, म्हणजे जेमतेम वर्षाचे बाळ. आणि तिकडे बीबीसी बत्तीस वर्षांची प्रौढ, करारी, जराशी सोवळी बाई. तिच्या घरात तीन दालने. होम सर्व्हिस म्हणजे बैठकीची खोली: बातम्या, भाषणे, नाटके. लाइट प्रोग्रॅम म्हणजे माजघर: गाणी, गप्पा, घरगुती मालिका. आणि १९४६ मध्ये उघडलेला थर्ड प्रोग्रॅम म्हणजे देवघर. तिथे विद्वानांखेरीज फारसे कोणी फिरकत नसे. मालकीण एकच. जाहिरात नाही, खर्च श्रोत्यांनी भरलेल्या परवान्याच्या पैशांतून, वर्षाला एक पौंड. परवान्याचा हा प्रकार आपल्याकडेही होता. पोस्टात जाऊन रेडिओचे लायसन भरणारे आजोबा ज्यांनी पाहिले आहेत त्यांना तो नव्याने सांगायला नको.

सकाळी नऊच्या बातम्या झाल्या, की लाइट प्रोग्रॅमवर 'हाउसवाइव्हज चॉइस'. गृहिणींनी पत्रे पाठवायची, निवेदकाने त्यांच्या आवडीच्या तबकड्या लावायच्या. आपल्याकडे मुंबई केंद्राच्या 'आपली आवड'साठी गावोगावच्या पत्रांचे जे ढीग पडत, तोच मामला. साडेदहाला 'म्यूझिक व्हाइल यू वर्क'. हा कार्यक्रम १९४० च्या जूनमध्ये, ऐन युद्धात सुरू झाला. हेतू सरळ व्यापारी: कारखान्यात कर्ण्यावरून ठेक्याचे संगीत वाजले, की कामगाराचा हात झपाझप चालतो आणि तोफगोळे जास्त निघतात. म्हणून रडकी, संथ गाणी वर्ज्य. पण फार उसळतेही चालत नसे. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' या गाण्यात मध्ये टाळ्या येतात. टाळ्यांच्या जागी कामगार हातातले पाने आणि हातोडे यंत्रावर आपटू लागले, तेव्हा ते गाणे या कार्यक्रमातून हद्दपार झाले! 'वर्कर्स प्लेटाइम' हे त्याचेच भावंड. नट-गवय्यांनी थेट कारखान्याच्या भोजनगृहात जायचे आणि दुपारच्या सुट्टीत कामगारांपुढे गाऊन-बोलून दाखवायचे. आपली मुंबईची 'कामगारसभा' ऐकलेल्यांना यातले नाते लगेच कळेल, जरी आपल्या कामगारसभेत लावणी-पोवाड्याचा रंग होता आणि तिकडे पियानोचा.

पावणेदोनला लहान मुलांची गोष्ट, दोनला 'विमेन्स अवर', म्हणजे तिकडचे 'वनिता मंडळ'. सव्वाचारच्या सुमारास 'मिसेस डेल्स डायरी'. एका डॉक्टरची बायको आपल्या घरातल्या बारीकसारीक गोष्टी रोज सांगते, मुलगा काय म्हणाला, सासूबाई... नव्हे, तिकडे आई... काय म्हणाली, आणि नवऱ्याच्या प्रकृतीची काळजी करते. घडत काहीच नाही. १९४८ ते १९६९, एकवीस वर्षे काही न घडता ही मालिका चालली आणि लोकांनी ती चहाबरोबर रोज घेतली. आपल्या मुंबई केंद्रावरचे पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावोजी ज्यांच्या घरी पाहुण्यासारखे येऊन गेले, त्यांना या वेडाचे नवल वाटणार नाही. माझी आजी टेकाडे भावोजींबद्दल अशी बोलायची, की ते आमच्या चुलत घराण्यातले असावेत अशी लहानपणी माझी समजूत होती.

संध्याकाळी पावणेसातला 'द आर्चर्स'. इथे नगरच्या माणसाने जरा थांबायला हवे.

युद्धानंतर विलायतेत धान्याची टंचाई होती. शेतकऱ्याने नवी पद्धत उचलावी म्हणून सरकार पत्रके काढीत होते, आणि ती शेतकरी वाचीत नव्हता. (हे वाक्य कुठल्याही देशाबद्दल लिहिता येते.) १९४८ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका बैठकीत एका शेतकऱ्याने सुचवले, की त्या वेळी गाजत असलेल्या 'डिक बार्टन' या गुप्तहेराच्या मालिकेसारखी काही शेतीची मालिका करा. त्यावर लोक हसले. पण गॉडफ्रे बेझली नावाच्या निर्मात्याने ती कल्पना धरून ठेवली. १ जानेवारी १९५१ पासून आर्चर या काल्पनिक शेतकरी कुटुंबाची गोष्ट देशभर ऐकू येऊ लागली आणि काही महिन्यांतच गुप्तहेराची पावणेसातची जागा शेतकऱ्याने घेतली. गाय कधी विते, खत कधी टाकायचे, हे सासरा जावयाला सांगतो आणि देश ऐकतो. लोक गुंतले ते असे, की २२ सप्टेंबर १९५५ ला त्या घरची नवी सून ग्रेस आगीत होरपळून मेली, तेव्हा बीबीसीचे टेलिफोन अडून बसले आणि पत्रांचा पाऊस पडला. त्याच संध्याकाळी विलायतेत पहिली जाहिरातवाली दूरचित्रवाणी सुरू होत होती. तिच्या उद्घाटनाची बातमी एका न जन्मलेल्या बाईच्या मरणाने झाकून टाकली. हा योगायोग होता असे मानायला माझे मन तयार नाही. 'द आर्चर्स' अजून चालू आहे.

हे सांगायचे कारण असे, की शेतकऱ्याला रेडिओपुढे बसवण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याही पदरी आहे. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांची नभोवाणी-मंडळे चालवली. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे त्यासाठी निवडली. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी अर्धा तास कार्यक्रम; गावातल्या पंधरा-वीस जणांनी एकत्र बसून तो ऐकायचा, नंतर त्यावर बोलायचे आणि शंका, निर्णय पुण्याला कळवायचे. मूळ कल्पना कॅनडातली. टाटा समाजविज्ञान संस्थेने तपासणी केली. जिथे मंडळ होते तिथल्या लोकांची माहिती डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. जिथे नुसता रेडिओ होता तिथे तेवढी वाढली नाही, असे दिसून आले. म्हणजे पेटी ठेवून भागत नाही, पेटीभोवती माणसे बोलावी लागतात. विलायतेने शेतकऱ्याला गोष्ट सांगितली, आपण त्याला चर्चेला बसवले. कोणते बरे, ते मी ठरवीत नाही. पण गोष्ट सात दशके टिकली आणि आपली मंडळे पुढे देशभर निघून हळूहळू विरून गेली, हेही खरे आहे.

असो. आपण मंगळवारच्या रात्रीकडे येऊ. जेवणे झाली आहेत. होम सर्व्हिसवर निवेदक वॉलेस ग्रीनस्लेड अगदी गंभीर, इस्त्रीच्या आवाजात सांगतो, की आता 'गून शो'. आणि मग जो गोंधळ सुरू होतो त्याला आपल्या भाषेत 'बजबजपुरी' हाच शब्द आहे.

त्या रात्रीच्या भागाची गोष्ट अशी. १९४१ साल, युद्धाचा अंधारपट, बेक्सहिल हे समुद्रकाठचे गाव. अंधारात कोणीतरी म्हाताऱ्या बायकांवर पुडिंग फेकून मारतो आहे. बॉम्ब नव्हे, पुडिंग! नेडी सीगून हा शूर आणि बिनडोक नायक या पुडिंगफेक्याच्या मागे लागतो. तपास पुढे कुठल्या कुठे जातो आणि तर्काला वाटेतच उतरून जावे लागते. बेक्सहिलला मिलिगन स्वतः युद्धात तोफखान्यात तैनात होता. जर्मन येतील म्हणून रात्ररात्र समुद्राकडे पाहत बसायचे आणि जर्मन यायचे नाहीत. त्या पाहण्यातून हे पुडिंग निघाले.

पात्रे तीन माणसांत वाटलेली. हॅरी सीकोम हा नेडी. पीटर सेलर्स हा अर्धा डझन माणसे एकटा: चोर-सभ्य ग्रिटपाइप-थिन, शाळकरी ब्लूबॉटल, थरथरता म्हातारा हेन्री क्रन, आणि मेजर ब्लडनॉक. आणि मिलिगन हा एक्लीस नावाचा भोळा ठोंब्या, मिनी ही म्हातारी, मोरिआर्टी हा भिकेला लागलेला फ्रेंच काउंट. शिवाय लेखकही तोच. सुरुवातीला चौथा मायकेल बेंटाइनही होता. १९५२ नंतर तो गेला. पहिला भाग २८ मे १९५१ चा. तेव्हा बीबीसीला 'गून' हा शब्द पचेना म्हणून कार्यक्रमाचे नाव 'क्रेझी पीपल' ठेवले होते. एका वरिष्ठ साहेबाने बैठकीत "हा 'गो ऑन शो' काय आहे?" असे विचारले, अशी कथा सांगतात.

या कार्यक्रमाचे खरे नायक मात्र आवाज होते. त्याआधी रेडिओच्या विनोदात दार वाजे, घोड्याच्या टापा वाजत, बशी फुटे. मिलिगनला हे पुरेना. त्याला भिंत चालत गेल्याचा आवाज हवा असे. चेंडूफळीच्या खेळासारखा तो आवाज फेकी आणि श्रोत्याने मनातल्या मनात झेल घ्यावा अशी अपेक्षा ठेवी. कस्टर्डने भरलेला मोजा भिंतीवर आपटल्यास कसा आवाज येईल? त्याने कॅम्डेन थिएटरच्या उपाहारगृहातल्या बाईला कस्टर्ड करायला सांगितले. तिला वाटले, बिचाऱ्याचे पोट बिघडले असावे. तिने मायेने, मन लावून कस्टर्ड केले आणि वाडगा पुढे ठेवला. याने तिथल्या तिथे पायातला मोजा काढला आणि कस्टर्ड त्यात ओतले! ती बाई काय म्हणाली ते नमूद नाही.

मेजर ब्लडनॉककडे नगरकराने विशेष लक्ष द्यावे. हा हिंदुस्थानी फौजेतला इंग्रज अधिकारी. भित्रा, लाचखाऊ, बायकांच्या मागे लागणारा, तिजोरीवर डोळा ठेवणारा. आणि कढीत मिरची जास्त झाल्यामुळे पोटात सतत दारूगोळा उडत असलेला. तो यायचा तेच मुळी स्फोटांच्या आवाजात. साम्राज्याच्या ज्या ऐटदार मेजरसाहेबाला नगरच्या आणि पुण्याच्या कॅम्पात मिलिगनच्या बापाने टाच जुळवून सलाम ठोकला असेल, त्याला मुलाने वीस वर्षांनी साऱ्या देशापुढे असा विजार सावरत पळायला लावला. आपल्याकडे तमाशातल्या सोंगाड्याने पाटलाची जी गत करावी तीच ही.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लालकाका आणि बॅनर्जी अशी दोन हिंदी पात्रे या कार्यक्रमात येत. सेलर्स आणि मिलिगन ती करीत. बोलण्याचा हेल ओढून, हसू येईल असा. आता ऐकताना मला त्यातले अर्धे मनापासून हसू येते आणि अर्धे घशात अडकते. हेल त्याने ऐकलेला आहे, कानात जपलेला आहे, हे कळते, कुत्सितपणा नाही. तरी ज्यांच्याविषयी हसायचे ते लोक त्या प्रेक्षागृहात नव्हते. आणि १९६९ मध्ये दूरचित्रवाणीवर 'करी अँड चिप्स' या मालिकेत हाच मिलिगन तोंडाला रंग फासून अर्धा पाकिस्तानी, अर्धा आयरिश कामगार झाला, तेव्हा ती सहा भागांत बंद करावी लागली. त्याच्यावर फार टीका झाली. मला ती योग्य वाटते. रेडिओवरचा हेल आणि चेहऱ्यावरचा रंग यांत फरक आहे. दुसऱ्यात माणूस दिसेनासाच होतो.

तरी हे सारे बीबीसीच्या नाकाखाली चालले होते, याचे मला अधिक कौतुक वाटते. १९४९ मध्ये विनोदी कार्यक्रमांसाठी तिने एक हिरवी पुस्तिका काढली होती. कशावर विनोद करायचा नाही याची यादी त्यात होती: शौचकूप, बायकी पुरुष, मधुचंद्राची जोडपी, हॉटेलातल्या दासी, स्त्रियांची अंतर्वस्त्रे, अंजिराची पाने, सशांच्या सवयी आणि फिरते विक्रेते! आपण हसण्यापूर्वी आठवावे, की आपल्याकडेही १९४० पासून नभोवाणीवर पेटीला बंदी होती आणि बाळकृष्ण केसकर मंत्री असताना १९५२ पासून चित्रपटगीतांवरच संक्रांत आली. लोकांनी काय केले? सुई सरकवून सिलोन लावले, अमीन सयानींच्या 'बिनाका गीतमाले'ला. अखेर १९५७ मध्ये 'विविध भारती' काढून सरकारने माघार घेतली. मिलिगनने सुई सरकवली नाही. त्याने बराकीतले चावट शब्द पात्रांच्या नावांत लपवून सभ्य मुखातून वदवले. पलटणीत राहिलेले लाखो श्रोते घरी खो खो हसत आणि साहेबांना कारण कळत नसे.

या हसण्याची किंमत कोणी दिली, ते आता लिहितो. लिहायला जड जाते.

युद्धात १९४४ च्या जानेवारीत इटलीत तोफगोळा जवळ फुटून मिलिगन जखमी झाला. शरीर बरे झाले, मन हादरले ते हादरलेच. अशा माणसावर दर आठवड्याला अर्धा तास नवे लिहायची पाळी आली. एका हंगामात पंचवीस-तीस भाग. पहिले लिखाण संपते ना संपते तोच दुसऱ्याचा सोमवार. १९५२ च्या डिसेंबरात तो कोसळला. बटाटे सोलायची सुरी घेऊन तो शेजारी राहणाऱ्या सेलर्सला मारायला निघाला. लोकांनी धरून इस्पितळात नेले. कार्यक्रम काही आठवडे त्याच्यावाचून चालला. मग तो परत आला आणि पुन्हा लिहू लागला. आपण वर पाहिलेला पुडिंगचा भाग हा या कोसळण्यानंतर दोन वर्षांनी लिहिलेला. आयुष्यभर असे झटके येत राहिले, कधी महिनोन्‌महिने अंधाऱ्या खोलीत. पण त्याने ते लपवले नाही. लोक ज्या काळात असे आजार घरातल्या घरात पुरून टाकीत, त्या काळात तो उघड बोलला. पुढे १९९३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ अँथनी क्लेअर यांच्याबरोबर त्याने त्यावर पुस्तकच लिहिले. आपल्याकडचे किती विनोदी लेखक असे लिहू शकले असते? मराठी शिकवणारा माणूस म्हणून मी नावे मनात मोजून पाहिली, आणि थांबलो.

'गून शो' २८ जानेवारी १९६० ला संपला. तोवर आपल्या पुणे केंद्रानेही एक चमत्कार करून दाखवला होता: १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला माडगूळकर-फडक्यांचे एक नवे 'गीतरामायणा'चे गीत. मध्ये अधिक महिना आल्याने बावन्नाची छप्पन गीते झाली. तिथेही तोच वार, तीच घाई, तीच लेखकाच्या मानगुटीवर बसलेली घटका. माडगूळकरांनी ती पेलली. त्यांच्याभोवती माणसे होती. मिलिगन बहुतेक एकटा होता.

लंडनमध्ये उरलेल्या आयुष्यात त्याला एक सरकारी धक्का बसला तोही नगरशी संबंधित आहे. साठीच्या सुरुवातीला त्याच्या ब्रिटिश पासपोर्टाचा प्रश्न निघाला. बाप आयर्लंडचा, जन्म हिंदुस्थानातला. ब्रिटनसाठी लढलेल्या, तोफगोळा खाल्लेल्या माणसाला राजनिष्ठेची शपथ घ्यायला सांगण्यात आले. त्याने ती घेतली नाही आणि १९६२ मध्ये आयर्लंडचे नागरिकत्व घेतले. म्हणून २००१ मध्ये मिळालेली 'सर'की देखील नुसती मानद.

२७ फेब्रुवारी २००२ ला तो गेला. विंचेल्सी गावच्या चर्चच्या आवारात त्याला पुरले. मी आजारी आहे हे तुम्हांला सांगितले होते ना, अशा अर्थाचे वाक्य थडग्यावर लिहावे अशी त्याची इच्छा होती. इंग्रजीत असला विनोद कोरायला धर्मखाते राजी होईना. तेव्हा घरच्यांनी आयरिश भाषेत कोरायची परवानगी मागितली, आणि ती मिळाली.